पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घराण्याचं मूळ गाव कसं शोधायचं: कामाचा क्रम, पडताळण्या आणि नेहमीच्या चुका

सून किंवा जावई अमेरिकन असला की कधीतरी त्या घराची वंशावळ मांडायची वेळ येते. व्याह्यांकडून एवढंच कळतं की 'आम्ही मूळचे जर्मन, १७४० च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियात आलो.' मग मंडळी थेट जहाजांच्या याद्या उघडतात. त्यात त्या नावाचा माणूस सापडतो, कोणीतरी इंटरनेटवर टाकलेल्या वंशवृक्षात त्याचं गावही मिळतं, आणि एका संध्याकाळीत काम 'पूर्ण' होतं. सापडलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा तरी पूर्वज असतो.

चूक एकच आणि ती क्रमाची. जहाज हे बरंच शेवटचं काम आहे. अमेरिकेतल्या कागदांतून त्या माणसाची बायको, मुलं, शेजारी, चर्च आणि सही हातात येत नाही तोवर अटलांटिक ओलांडायचा नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांसारखी एकच वही उघडून सात पिढ्या दाखवणारं इथे कोणी नाही. प्रत्येक पिढी वेगळ्या कचेरीत, वेगळ्या लिपीत आणि बऱ्याचदा वेगळ्या आडनावाने बसलेली असते.

तयारी: वही आणि कालगणना

वहीत किंवा एक्सेलमध्ये चार रकाने आखा: काय कळलं, कुठल्या कागदावरून, तो कागद घटनेनंतर किती काळाने लिहिला गेला, आणि त्यातली माहिती कोणी दिली. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि तिथेच फसतात. पाद्र्याने त्याच आठवड्यात लिहिलेली बाप्तिस्म्याची नोंद आणि दीडशे वर्षांनी कोणा नातवाने छापलेला घराण्याचा इतिहास एका तराजूत घालता येत नाहीत.

तारखांचा घोळही आधीच समजून घ्या. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट राज्यांनी १७०० साली नवीन (ग्रेगोरियन) पंचांग धरलं, कॅथलिक राज्यांनी त्याच्या बरंच आधी. इंग्रजांच्या वसाहतींत मात्र ते सप्टेंबर १७५२ मध्ये आलं: २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. शिवाय तोवर इंग्रजी कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे गावची नोंद आणि १७५२ पूर्वीचा अमेरिकन कागद यांत अकरा दिवसांचा फरक दिसला तर तो फरक नव्हेच. जानेवारी ते मार्चमधल्या तारखेचं वर्षही नीट तपासा.

घरातल्या दंतकथा वेगळ्या पानावर लिहून ठेवा. 'तीन भाऊ आले, एक उत्तरेला, एक दक्षिणेला गेला, तिसऱ्याचं काही कळलं नाही' ही कथा जवळजवळ प्रत्येक घरात आहे. 'मूळपुरुष हेसियन शिपाई होता', म्हणजे अमेरिकन क्रांतीत इंग्रजांनी भाड्याने आणलेल्या जर्मन पलटणींतला, हीसुद्धा. हेसियन पलटणी १७७६ पासून उतरल्या, तेव्हा १७५५ साली ज्याच्या नावावर जमीन आहे तो त्यांतला नाही, एवढं गणित तरी करावं. आणि आडनावाचं कुळचिन्ह म्हणून दुकानात फ्रेम विकतात ती कोणी भेट दिली असेल तर भिंतीवर लावा, वहीत नको.

टप्पा १: मागे सरकत मूळपुरुषापर्यंत

आजच्या पिढीपासून एकेक पायरी उतरा. १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या सगळ्यांची नावं मिळतात. १७९० ते १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. या पट्ट्यात मृत्युपत्रं, अज्ञान वारसांची व्यवस्था पाहणाऱ्या 'ऑर्फन्स कोर्टा'चे कागद आणि थडगी यांवरच भिस्त ठेवावी लागते. मृत्युपत्रात मुलींची नावं नवऱ्यांसकट असतात, म्हणून बाप सापडला तरी मुलींच्या घराचे कागद सोडू नका.

जुन्या जर्मन थडग्यांवर बऱ्याचदा मृत्यूची तारीख आणि वय वर्षं-महिने-दिवसांत असतं. मृत्यू १४ मे १७८९, वय ६७ वर्षं ३ महिने ९ दिवस असेल तर वजाबाकी करून जन्म ५ फेब्रुवारी १७२२ निघतो. पुढे गावच्या नोंदीशी ताडून पाहायला ही तारीख सोन्यासारखी आहे. दगड झिजलेला असेल तर ३ आणि ८, १ आणि ७ यांची अदलाबदल करून दोन-तीन पर्यायी तारखाही काढून ठेवा.

सावधान: त्या काळात 'सीनियर' आणि 'ज्युनियर' म्हणजे बाप-लेकच असं नाही. एका वस्तीत एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर. काका-पुतण्या असतील, किंवा नात्याचे नसतीलही.

टप्पा २: कागद आज कुठे आहे ते नव्हे, तेव्हा कुठे होता ते बघा

काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, फुटत गेल्या. लँकेस्टर १७२९ मध्ये झाली, यॉर्क १७४९, बर्क्स आणि नॉर्थॅम्प्टन १७५२, लेबनन तर १८१३. शेत जागचं हललं नाही तरी त्याचे कागद दोन-तीन कचेऱ्यांत विखुरतात.

इरोक्वॉय या मूळनिवासी लोकांशी पेनसिल्व्हेनियाच्या वाटाघाटी करणारा कॉनराड वायझर याचं उदाहरण या लेखात पुन्हा येईल, कारण त्याच्या एकट्याच्या चरित्रात शोधकर्त्याला पडणारे निम्मे पेच आहेत. तो १७२९ मध्ये न्यूयॉर्कहून टुल्पेहॉकनला आला आणि १७६० मध्ये तिथेच वारला. ती जागा आज बर्क्स काउंटीत आहे. पण १७४० सालचा कागद बर्क्समध्ये शोधाल तर हाती काही लागणार नाही, तेव्हा ते सगळं लँकेस्टरमध्ये मोडत होतं.

जमिनीचे मूळ कागद, म्हणजे वॉरंट (मोजणीचा हुकूम), मोजणी आणि पेटंट (मालकीची सनद), हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. मोजणीच्या नकाशावर चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं असतात. ती सगळी उतरवून घ्या, पाचव्या टप्प्यात लागतील.

टप्पा ३: चर्च कुठलं होतं

हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रॉटेस्टंट पंथांची मंडळी अनेक ठिकाणी एकच इमारत वापरत, पण नोंदवह्या वेगळ्या ठेवत. त्यामुळे 'त्या चर्चची वही पाहिली, नाव नाही' असं म्हणण्याआधी कोणाची वही पाहिली ते बघा. सुरुवातीच्या काळात पाद्री कमी आणि वस्त्या लांब. योहान कास्पार श्टोव्हरसारखे लुथरन पाद्री घोड्यावरून फिरत आणि बाप्तिस्मे स्वतःच्या वहीत टिपत. तुमचं मूल गावच्या चर्चच्या वहीत नसून अशा फिरत्या पाद्र्याच्या वहीत असू शकतं. १७४२ मध्ये आलेल्या मुह्लेनबर्ग या लुथरन पाद्र्याची दैनंदिनी आणि त्याने जर्मनीत हाल्लेला पाठवलेले अहवालही चाळण्यासारखे आहेत.

पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावचे मोरेव्हियन पंथीय हे तर शोधणाऱ्यासाठी वरदान. त्यांच्यात प्रत्येकाचं आत्मवृत्त लिहून ठेवायची रीत होती आणि त्यात जन्मगाव असतं. मेनोनाइट आणि आमिश या पंथांच्या लोकांत मात्र बालकाचा बाप्तिस्मा नाही, म्हणून जन्माची चर्च-नोंदही नाही. त्यांच्यासाठी जमीन, मृत्युपत्र आणि जर्मनीतल्या कर-याद्या हाच मार्ग. यांतली पुष्कळ घराणी तीस वर्षांच्या युद्धानंतर स्वित्झर्लंडमधून पॅलेटिनेटमध्ये, म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या मुलखात, आलेली होती, म्हणजे 'मूळ गाव' गाठल्यावर अजून एक उडी शिल्लक असते.

बाप्तिस्म्याच्या नोंदीतले साक्षीदार, म्हणजे मुलाचे धर्मपालक, कधीही गाळू नका. ते बहुधा सख्खे नातेवाईक किंवा गावचे जुने सोबती असत, आणि मुलाला त्यांचंच नाव मिळत असे. घरात रंगीत, पक्षी-फुलं काढलेलं जुनं जन्मपत्र असेल, ज्याला टाउफशाइन म्हणतात, तर त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

पडताळणी: इथवर मूळपुरुषाची बायको नावासह, निदान तीन मुलं, पंथ आणि चार-पाच शेजारी वहीत आलेले हवेत. नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: नावाची सगळी रूपं काढा

त्सिमरमानचा कार्पेंटर झाला, कोखचा कुक, क्योनिगचा किंग, श्वार्त्सचा ब्लॅक. हे भाषांतर झालं. हूबरचा हूवर झाला तो उच्चारामुळे: राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचा मूळपुरुष आंद्रेआस हूबर १७३८ मध्ये फिलाडेल्फियाला उतरला. आयझेनहाउअरचं आयझेनहॉवर असंच.

इंग्रज कारकुनाच्या कानाला पॅलेटिनेटच्या बोलीतला ब आणि प, द आणि त, ग आणि क सारखेच ऐकू येत. त्यामुळे रोमन लिपीत बी-पी, डी-टी, जी-के-सी, व्ही-एफ अशा सगळ्या जोड्या उलटसुलट करून नावाची यादी बनवा. पहिल्या अक्षरापाशीच अडकलं तर अनुक्रमणिकेत माणूस पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो.

पहिल्या नावाची खोड वेगळी. योहान गेओर्ग, योहान याकोब, योहान पेटर हे तिघे सख्खे भाऊ असू शकतात, कारण हाक मारायचं नाव दुसरं. अमेरिकेत तो नुसता जॉर्ज किंवा पीटर होतो. 'योहान्नेस' मात्र बहुधा स्वतंत्र, पूर्ण नाव, आणि जॉन झाला तर तो. देवाल्ड म्हणजे थेओबाल्ड, श्टोफेल म्हणजे क्रिस्टोफ, फेल्टेन म्हणजे फालेंटिन. बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' लागतं: म्युलरची बायको किंवा मुलगी म्युलरिन. ते वेगळं आडनाव समजून नवी शाखा उघडणारे कमी नाहीत.

सावधान: भाषांतर झालं असेलच असं धरून चालू नका. कार्पेंटर नावाचे अस्सल इंग्रजही त्याच काउंटीत होते. इंग्रजीत लिहिलेल्या मृत्युपत्राखाली जर्मन लिपीतली सही आहे का, हे आधी पाहा.

टप्पा ५: शेजारी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. माणसं एकेकटी निघत नसत. एका खोऱ्यातल्या दोन-चार गावांतून नात्यागोत्याची माणसं निघत, एका जहाजावर किंवा एकामागच्या एका वर्षी येत आणि उतरल्यावर शेजारी शेजारी जमीन धरत. तुमच्या माणसाचं गाव कुठेच लिहिलेलं नसेल, पण त्याच्या मुलाच्या धर्मपालकाचं लिहिलेलं असेल. मग त्या गावची आणि भोवतालच्या गावांची वही उघडली की तुमचं आडनाव समोर येतं.

करायचं असं. मोजणीच्या नकाशावरचे शेजारी, बाप्तिस्म्यांचे साक्षीदार, मृत्युपत्राचे साक्षीदार आणि व्यवस्थापक, आणि बायकोच्या माहेरचे, अशी एक यादी बनवा. दोनदा किंवा जास्त वेळा आलेल्या नावांवर खूण करा. या खुणेच्या माणसांपैकी कोणाचं मूळ गाव आधीच सिद्ध झालंय का ते शोधा. दक्षिण-पश्चिम जर्मनीतून आलेल्यांवर गेल्या काही दशकांत जर्मन वह्यांतून भरपूर काम झालंय, त्यामुळे दहांपैकी एखादा तरी सापडतो.

क्रिस्टोफ सावरने जर्मनटाउनमध्ये १७३९ पासून काढलेलं जर्मन वृत्तपत्रही इथे कामाला येतं. 'अमुक गावचा अमुक, आपल्या भावाचा शोध घेत आहे' अशा जाहिराती त्यात असत, गावाच्या नावासकट. त्यांचे वेचे इंग्रजीत छापलेले मिळतात. शोधताना आपल्या माणसाबरोबर यादीतली सगळी नावं घाला.

टप्पा ६: आता जहाज

पेनसिल्व्हेनियाने १७२७ पासून परदेशी पुरुषांकडून राजनिष्ठेची शपथ घ्यायला सुरुवात केली. पहिली यादी त्या सप्टेंबरातली, 'विल्यम अँड सारा' जहाजाची. सोळा वर्षांवरच्या पुरुषांना शपथ घ्यावी लागे, म्हणून बायका-मुलं बहुतेक याद्यांत नाहीत. ती दिसली नाहीत म्हणजे माणूस एकटा आला, हा निष्कर्ष चुकीचा.

एकाच जहाजाच्या तीन याद्या असू शकतात. 'ए' म्हणजे कप्तानाची यादी, कानावर पडेल तसं लिहिलेली, कधीकधी वयासकट. 'बी' आणि 'सी' म्हणजे दोन शपथांवरच्या सह्या. ज्याला लिहिता येत नसे तो खूण करी आणि नाव कारकून लिही. तीनही याद्या शेजारी ठेवून वाचल्या तरच नाव नीट लागतं. यासाठी श्ट्रासबर्गर आणि हिंके यांची १९३४ ची तीन खंडांची आवृत्ती वापरा. तिच्या दुसऱ्या खंडात सह्यांच्या प्रतिकृती आहेत, आणि खरा पुरावा त्यांतच आहे: मृत्युपत्रावरची किंवा जमिनीच्या कागदावरची सही या प्रतिकृतीशेजारी धरा. पहिल्या अक्षराचं वळण, शेवटच्या अक्षराची शेपटी, दोन शब्दांमधलं अंतर बघा. वीस वर्षांनी हात थरथरतो, पण अक्षर घडवायची लकब सहसा तीच राहते. जुनी, नुसती नावं देणारी संकलनं शोधाच्या सुरुवातीला ठीक, पुरावा म्हणून नाहीत.

यादीत एकाच्या वर-खाली कोण आहे हेही पाहा. पाचव्या टप्प्यातल्या खुणेची दोन-तीन नावं त्याच जहाजावर आली तर तुम्ही योग्य माणसापाशी आहात. एकही नाही, तर दुसरं जहाज बघा.

सावधान: १७२७ च्या आधी आलेले या याद्यांत नाहीत. कॉनराड वायझर १७१० मध्ये बापाबरोबर लंडनमार्गे न्यूयॉर्कला आला, फिलाडेल्फियाच्या याद्यांत त्याला कितीही शोधा. त्या लोकांसाठी न्यूयॉर्कचा गव्हर्नर हंटर याच्या शिधावाटपाच्या याद्या बघायच्या असतात. उलट, मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या शेनँडोआ खोऱ्यातल्या अनेक जर्मन घराण्यांचे मूळपुरुष फिलाडेल्फियालाच उतरून दक्षिणेकडे सरकले होते.

प्रवासभाड्यापोटी काही वर्षं राबण्याचा करार करणारेही पुष्कळ. कुटुंबातली मुलं वेगवेगळ्या मालकांकडे जात, म्हणून घर एकत्र दिसत नाही. फिलाडेल्फियातल्या १७४५-४६ आणि १७७१-७३ च्या करारांच्या नोंदी उपलब्ध आहेत, त्यांत मालकाचं नाव आणि मुदत मिळते.

टप्पा ७: गाव ठरवा, मग त्याचं चर्च

अमेरिकन कागदात 'पॅलेटाइन' लिहिलंय म्हणून माणूस पॅलेटिनेटचा ठरत नाही. इंग्रज सगळ्याच जर्मनांना तसं म्हणत. 'डुरलाखचा' म्हणजे बहुधा बाडेन-डुरलाख संस्थानातला, डुरलाख शहरातला नव्हे. 'डार्मश्टाट'चंही तेच. श्टाइनबाख किंवा हाउझेन नावाची तर कित्येक गावं आहेत. गावाचं नाव मायर्स गॅझेटियर या जर्मन गावांच्या कोशात घाला, पॅरिश (चर्चचा हद्दविभाग) कुठली ते पाहा, आणि १९१२ ची ती माहिती अठराव्या शतकाला लागू पडते का हेही तपासा.

वायझरने स्वतःबद्दल लिहून ठेवलंय की आपण हेरेनबर्गजवळच्या आफश्टेट गावी जन्मलो आणि बाप्तिस्मा शेजारच्या कुपिंगेनला झाला. घराणं मात्र ग्रोसआस्पाखचं. बाप तेव्हा वुर्टेमबर्ग संस्थानाच्या घोडदळात होता, म्हणून जन्म तिसरीकडेच. म्हणजे जन्मगाव, चर्चचं गाव आणि घराण्याचं गाव ही तीन वेगळी. शिपाई, मेंढपाळ, चक्कीवाले आणि शाळामास्तर यांच्या बाबतीत हे वारंवार होतं.

टप्पा ८: वही वाचणं

या वह्या वेबसाइटवर बघता येतात: प्रॉटेस्टंट वह्यांसाठी आर्खिओन, पैसे भरून. कॅथलिक वह्यांसाठी माट्रिकुला, फुकट. फॅमिलीसर्च दोन्हींसाठी, पण काही पानं त्यांच्या केंद्रात जाऊनच दिसतात. एखाद्या गावच्या सगळ्या कुटुंबांचं संकलन केलेलं पुस्तक, ओर्ट्सफामिलिएनबुख, असेल तर आधी ते बघा आणि नंतर मूळ वहीशी ताडा.

कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखे दिसतात, 'यू'वर आकडी असते आणि 'एच'ला वर-खाली फासे. एकाच पाद्र्याच्या हातचं ओळखीचं नाव घेऊन त्यावरून त्याची अक्षरं लावा. '७ब्रिस' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. तसंच '८' म्हणजे ऑक्टोबर, '९' म्हणजे नोव्हेंबर, '१०' म्हणजे डिसेंबर. ही चूक इतकी होते की छापील वंशावळींतला संशयास्पद जुलै मी आधी या संशयानेच बघते.

टप्पा ९: आपलाच शोध खोडायचा प्रयत्न करा

बाप्तिस्मा सापडला, नाव जुळलं, वर्ष जुळलं. आता तो माणूस तो नाही हे सिद्ध करायला बसा. त्याच वहीतली मृत्यूची पानं पुढची वीस वर्षं चाळा: मूल बालपणीच गेलंय का? गेलं असेल तर पुढच्या भावाला तेच नाव दिलेलं असण्याचा संभव आहे. लग्नाची पानं चाळा: अमेरिकेत गेल्याच्या तारखेनंतर त्याने गावातच लग्न केलंय का, मुलं झालीत का? असल्यास संपलं, दुसरा उमेदवार बघा. इंटरनेटवरच्या चुकीच्या वंशवृक्षांत असे किती तरी लोक आहेत, जे गावच्या दफनभूमीत पुरले गेल्यावर पेनसिल्व्हेनियात शेती करतात!

हे पार पडलं तर जुळणी करा. गावात झालेलं शेवटचं मूल जहाजाच्या तारखेआधीचं आणि अमेरिकेतलं पहिलं नंतरचं हवं. बायकोचं नाव दोन्हीकडे तेच हवं, किंवा मधल्या मृत्यूचा आणि दुसऱ्या लग्नाचा कागद हवा. थडग्यावरून काढलेली तारीख जुळावी. गावच्या वहीतले धर्मपालक आणि अमेरिकेतले शेजारी यांत समान आडनावं यावीत. पाद्र्याने समासात 'अमेरिकेला गेला' किंवा 'पेनसिल्व्हेनिया बेटावर गेला' असं टिपलं असेल, तर भाग्य. भूदास असलेल्यांना निघण्याआधी पैसे भरून मुक्ती घ्यावी लागे, तिचे कागद संस्थानाच्या दप्तरात मिळतात आणि तारखेसकट असतात.

डीएनए चाचणीचा भरवसा इथे बेताचाच. आठव्या पिढीत २५६ पूर्वज येतात, आणि त्यांपैकी एकाचा अंशही तुमच्यात आला नसेल असं होऊ शकतं. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी तेवढी उपयोगी, तीही गावात राहिलेल्या शाखेतला कोणी पुरुष चाचणीला तयार झाला तर.

आणि पुरावा अपुरा राहिला तर वंशवृक्षात त्या जागी 'संभाव्य' असं स्पष्ट लिहून, कुठल्या वह्या कुठल्या सालापर्यंत पाहिल्या ते खाली नोंदवा. पुढचा शोधणारा तिथूनच सुरू करेल.